मेगच्या जळालेल्या बटा

लुइसा मे ऑल्कॉटच्या 'लिट्ल विमेन' (१८६८) या कादंबरीत केसांचे दोन प्रसंग आहेत. आपल्यापैकी अनेकींना ही कादंबरी शाळकरी वयातच, शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'तून भेटलेली असते. पहिला प्रसंग सुरुवातीलाच येतो. नाचाच्या समारंभाचे आमंत्रण आलेले आहे, थोरल्या मेगला कपाळावर चार कुरळ्या बटा हव्या आहेत, आणि जो त्या कागदात गुंडाळलेल्या बटा तापलेल्या चिमट्याने दाबायला घेते. धूर निघू लागतो. एवढा धूर यायला हवा का, अशी शंका बेथ काढते. केसांतला ओलावा वाळतो आहे, असे जो ठामपणे सांगते. एमीला जळक्या पिसांचा वास येतो. मग कागद सोडवायला जावे तो कागदाबरोबर केसही हातात येतात. दुसरा प्रसंग बराच पुढचा. आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती चार पैसे द्यावेत म्हणून जो आपले लांबसडक केस २५ डॉलरना विकून येते.

पदवीच्या वर्गाला ही कादंबरी शिकवताना दुसऱ्या प्रसंगावर मी दोन-दोन तास घेत आले आहे. त्यात त्याग आहे, घरातले अर्थकारण आहे, स्त्रीदेहाचे बाजारमूल्य आहे. शिवाय परीक्षेत प्रश्न येण्याची शक्यताही आहे. पहिल्या प्रसंगाला दोन मिनिटे पुरत. 'जोचा धांदरटपणा व मेगची नटण्याची हौस यांचे विनोदी चित्रण' एवढे वाक्य फळ्यावर लिहिले की काम भागत असे. काही वर्षांपूर्वी हेच वाक्य लिहून मी वळले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "ओल्या केसांवर लावला असणार." दोघी हसल्या. मी शिस्तीचे काहीतरी बोलले आणि पुढच्या प्रकरणाकडे गेले.

संहितेतला तो तपशील त्या मुलीने माझ्यापेक्षा नीट वाचला होता, हे कळायला मला बराच वेळ लागला. त्याचे निमित्तही फारसे सुखद नव्हते. त्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी वसतिगृहातल्या आमच्या एका विद्यार्थिनीने मैत्रिणीचा उसना स्ट्रेटनर नुकत्याच न्हालेल्या केसांवर, तापमानाचे बटण शेवटपर्यंत नेऊन फिरवला. डाव्या कानावरची एक जाड बट बोटभर उंचीवर तुटली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावरून ओढणी घेऊन तोंडी परीक्षेला आली आणि सगळे येत असूनही काही बोलू शकली नाही. एवढे लक्ष अभ्यासात दिले असते तर, असे स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आणि माझ्या घरच्या कपाटात त्या दिवशीही एक स्ट्रेटनर होता.

साहित्याच्या वर्तुळात साधेपणाचा एक अलिखित करार असतो. विचार करणाऱ्या बाईने केसांचा विचार करू नये, निदान केल्याचे दिसू देऊ नये. केस विकणारी जो म्हणूनच आपल्याला गंभीर वाटते आणि केस सजवणारी मेग हास्यास्पद. ऑल्कॉट मात्र आपल्यापेक्षा शहाणी आहे. केस विकून आलेली जो त्या रात्री अंथरुणात चोरून रडते, आणि ते वडिलांसाठी नाही, केसांसाठी, हे तिने लिहून ठेवले आहे. अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक'मध्येही (१७१२, विस्तारित रूपात १७१४) कात्रीने कापली गेलेली बट सर्वांच्या लक्षात राहते. पण थॅलेस्ट्रिसच्या भाषणात कागदी गुंडाळ्या आणि केस वळवायचे तापलेले लोखंड या दोन्हींचा उल्लेख आहे, तिकडे सहसा कोणी थांबत नाही. ती बट सुंदर दिसावी म्हणून कोणी, किती वेळ, कशाच्या धगीशी बसले होते, हा प्रश्न आपल्याला साहित्यबाह्य वाटतो.

माझे म्हणणे असे, की ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. ज्या गोष्टीबद्दल वर्गात, घरात, मासिकात जाणत्या माणसांनी बोलायचे नाही असे ठरते, तिच्याबद्दल बोलण्याचा मक्ता जाहिरातीकडे जातो. घरोघरी आज उष्णतेवर चालणारी ही साधने आहेत: केस वाळवायचा ड्रायर, सरळ करायचा स्ट्रेटनर, कुरळे करायचा कर्लर. ती कशी निवडावी आणि कशी वापरावी हे मुली शिकतात ते खोक्यावरच्या विशेषणांवरून. विशेषणांचे वाचन हे तर आपले काम. तेव्हा निदान एकदा तरी हे खोके आपण आपल्या पद्धतीने वाचू.

त्याआधी केसाबद्दल थोडे. इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फेर्दिनां द सोस्यूर माहीत असतो; चिन्ह, चिन्हक, चिन्हित ही त्याची परिभाषा आपण पाठ केलेली असते. त्याचे पणजोबा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे जिनिव्हाचे निसर्गवैज्ञानिक. हवेतली आर्द्रता मोजण्यासाठी त्यांनी माणसाच्या केसाचे यंत्र बनवले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलकटपणा काढलेला केस ताणून बांधायचा आणि त्याची हालचाल एका काट्याला जोडायची. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. पूर्ण कोरड्या हवेपासून संपृक्त हवेपर्यंत ही वाढ सुमारे २ ते २.५ टक्के भरते. पणतूने शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, भोवतालच्या व्यवस्थेत असतो असे सांगितले. पणजोबांचा केससुद्धा भोवतालची हवा सांगत होता!

केस हवेला असा उत्तर का देतो? केस हे मुख्यतः केराटिन नावाचे प्रथिन. त्याचे धागे एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी महत्त्वाचे जोडलेले असतात. गंधकाचे बंध बळकट. ते तोडून पुन्हा जोडायला रसायने लागतात आणि सलूनमधले 'कायमचे' कुरळे किंवा सरळ करणे त्यांवर चालते. दुसरे हायड्रोजनचे बंध. ते संख्येने पुष्कळ, पण नाजूक; पाण्याने सुटतात, उष्णतेने सुटतात, आणि वाळताना किंवा थंड होताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. घरातला स्ट्रेटनर किंवा कर्लर फक्त या दुसऱ्या बंधांशी खेळतो. म्हणून त्याचे काम तात्पुरते असते. जुलै महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये किंवा रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर तासभर उभे राहिले की सकाळची सरळ बट आपल्या मूळ वळणावर जाते, त्यात यंत्राचा दोष नसतो. हवेतले पाणी शिरते आणि केस पुन्हा सोस्यूर पणजोबांचे यंत्र होतो. 'दिवसभर टिकणारी सरळता' हे खोक्यावरचे वचन जून ते सप्टेंबर कोकणात पाळले जाणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ते पाळले गेले नाही म्हणून तापमान वाढवत जाणे हा केसांवर उगवलेला सूड आहे.

आता ओल्या केसाचे. ओल्या केसाच्या आत पाणी असते. त्यावर एकदम तापलेली पट्टी दाबली की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला पुरेशी वाट मिळत नाही, आणि केसाच्या आत पोकळ बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञांना हे चांगले परिचित आहे. असा केस पुढे त्या पोकळ जागी तुटतो. शिवाय कोरड्या केसातले केराटिन बिघडायला साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते, ओल्या केसात ते त्याहून पुष्कळ कमी तापमानाला बिघडते. जोचे उत्तर तसे खोटे नव्हते. ओलावा वाळतच होता. पट्टीवर केस ठेवताच 'चुर्र' असा आवाज आला तर तो काम झाल्याचा आवाज नव्हे, हे आमच्या त्या विद्यार्थिनीला कोणी सांगितले नव्हते. मागच्या बाकावरची मुलगी सांगू शकली असती. तिला मी गप्प केले होते.

तर खोके. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सिरॅमिक', 'टूर्मलिन', 'आयॉनिक', 'केराटिनयुक्त' असे शब्द असतात. सिरॅमिक बहुधा ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा लेप असतो. उष्णता पट्टीभर सारखी पसरणे आणि केस न अडकता सरकणे हा त्याचा उपयोग खरा आहे, पण लेप किती जाड व किती टिकाऊ हे शब्दावरून कळत नाही. लेपाचा टवका उडाला की तिथे केस अडकतो, आणि तेव्हा त्या यंत्राला निरोप द्यावा. टूर्मलिन हे एक खनिज. तापवले की त्यावर विद्युतभार येतो. अठराव्या शतकात डच लोक या गुणामुळे पाइपातली राख ओढून काढायला ते वापरत. गुण खरा, गोष्टही सुरस. पण लेपात मिसळलेल्या चिमूटभर भुकटीने केसांचे काय भले होते याचे उत्तर खोक्यावर नसते, फक्त शब्दाची चमक असते. पट्टीत केराटिन असल्याने केसाला केराटिन मिळते ही कल्पना तर थेट जादूटोण्याच्या कुळातली, सारख्याने सारखे मिळवण्याची.

विशेषणे ओलांडून मी नामाकडे जाते, आणि या साधनात नाम एकच: तापमान. ते बदलता येते का, आणि आकड्यात दिसते का? 'कमी-मध्यम-जास्त' असे लिहिलेले यंत्र मला पुरेसे वाटत नाही, नुसते चालू-बंद करायचे बटण असलेले तर मी कोणालाही घेऊ देणार नाही. एकच ठरलेले तापमान म्हणजे सगळ्या डोक्यांना एकच पाठ्यपुस्तक! पातळ, रंगवलेल्या किंवा आधीच कोरड्या झालेल्या केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पुरते. जाड, निरोगी केसांना १८० पर्यंत. २०० च्या वर घरी जाण्याची गरज मला आजवर पटलेली नाही, '२३० अंशांपर्यंत!' हे उद्गारचिन्ह ज्याला अभिमानाने मिरवावेसे वाटते, त्याने केसाचा आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी ठेवून पाहिलेला नसतो. आकड्यामागचे अक्षरही वाचावे. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर ४५० लिहिलेले असते ते फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३२ सेल्सिअस.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरचा एक किस्सा सांगते. न्यू जर्सीहून आलेल्या आत्याने चुलतबहिणीला एक सुरेख कर्लर आणला. इकडच्या सॉकेटमध्ये पिना बसेनात म्हणून बाजारातून जोडणी आणली, आणि दुसऱ्याच मिनिटाला कर्लरच्या दांड्यातून धूर आला. पिनांचा आकार बदलणारी ती जोडणी विजेचा दाब बदलत नाही. १२० व्होल्टसाठी बनलेला तापणारा तुकडा २३० व्होल्टला जोडला की त्यातून जवळजवळ पावणेचार पट उष्णता निघू पाहते. यंत्राच्या दांड्यावर बारीक अक्षरांत '१००-२४०' असा आकडा असेल तरच ते इकडे लावावे. आत्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तो कर्लर बरीच वर्षे नुसता मिरवला.

ड्रायरचे गणित वेगळे. स्ट्रेटनर थोड्या विजेवर चालतो, ड्रायर मात्र १००० ते २००० वॉट खातो. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर, आणि घरातले साधे छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असते. गीझर किंवा इस्त्रीचा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट ज्या खोलीत आहे तिथेच तो लावावा. वसतिगृहातल्या टेबलावरच्या, तीन चार्जर लटकलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाला कदापि नाही. न्हाणीघरातही नाही, हे सांगायला नको.

आणि वापर? ड्रायरबद्दल दक्षिण कोरियात २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. ड्रायर केसांपासून १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलता ठेवला, तर पृष्ठभागाची झीज थोडी होते. पण केसाच्या आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराचे नुकसान मात्र आपोआप वाळू दिलेल्या केसांतच आढळले, कारण ते फार वेळ ओले राहिले. 'नैसर्गिक ते उत्तम' म्हणणाऱ्या आमच्या स्टाफरूमला हे आवडणार नाही. आपल्या आज्या न्हाल्यानंतर केस उदाच्या नाहीतर धुपाच्या धगीवर वाळवीतच असत. उष्णता परकी नाही. तिचे अंतर त्यांना ठाऊक होते, इतकेच.

स्ट्रेटनरसाठी मात्र केस पूर्ण कोरडे हवेत. संरक्षक फवारा वापरला तर तोही आधी वाळू द्यावा. तो उष्णता केसात शिरण्याचा वेग कमी करतो, तिला अडवीत नाही. बट पातळ घ्यावी, गुंता आधी काढावा, आणि पट्टी न थांबता एकदा, फार तर दोनदा फिरवावी. जाड बट घेऊन पाच वेळा फिरवण्यात वेळ वाचल्याचा भास होतो आणि बाहेरचे केस भाजून आतले तसेच राहतात. थंड होईपर्यंत केसांना हात लावू नये, कारण बंध जुळतात ते थंड होतानाच. रोज करू नये. रोज करावेसे वाटत असेल, तर प्रश्न यंत्राचा राहत नाही, आणि त्या प्रश्नाकडे आता वळायलाच हवे.

माझे केस कुरळे आहेत. लहानपणी त्यांना घरात 'झिपऱ्या' म्हणत, शाळेत 'पिंजारलेले', आणि एका नातेवाईक बाईंच्या तोंडी 'हे काय जंगल' असे. दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी यांच्या आत त्या जंगलाला रोज सकाळी कोंबले जाई. मराठीत 'सरळ' हा शब्द केसाला लागतो आणि स्वभावालाही. सरळ मुलगी, सरळ मार्ग, सरळ वागणे. जे वळते ते वाकडे. गंमत अशी की संस्कृत काव्यपरंपरेत याच वळणाचे कौतुक आहे. 'कुटिल' हा शब्द माणसाला लावला तर शिवी, कुंतलांना लावला तर स्तुती. 'कुंतल' आणि 'अलक' आपण नाट्यगीतांपर्यंत आणले, पण घरातल्या कुरळ्या मुलीपर्यंत ते पोचले नाहीत. तिच्या वाट्याला फणी आली आणि पुढे स्ट्रेटनर.

हे फक्त आपल्याकडचे नाही, आणि इतरत्र ते अधिक क्रूरही आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या इतिहासात स्टोव्हवर तापवायच्या धातूच्या फणीला मोठे स्थान आहे. मॅडम सी. जे. वॉकर (१८६७-१९१९) यांनी ती शोधली असे अनेक ठिकाणी छापले जाते. ते बरोबर नाही, ती आधीपासून विकत मिळत होती. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या 'अमेरिकाना'तली (२०१३) इफेमेलू नोकरीच्या मुलाखतीसाठी केस सरळ करून घेते. तिथे उष्णतेऐवजी रसायन आहे, पण डोक्याची कातडी पोळते ती पोळतेच, आणि पुढे केस कापून टाकावे लागतात. केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ साली. मागच्या शतकातला नव्हे, काल-परवाचा.

यावरून, स्ट्रेटनर म्हणजे गुलामी, तो फेकून द्या, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याची कळकळ मला समजते. त्याचा निष्कर्ष पटत नाही. मेगला त्या एका रात्री कपाळावर बटा हव्या होत्या, यात तिच्या आत्म्याचे काही बिघडत नव्हते. मला कधीतरी माझे केस खांद्यावरून सरळ पडलेले पाहायला आवडतात; तसे ते एक दिवस पाहणे आणि मूळ केसांची लाज वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक प्रत्येकीला स्वतःचा स्वतःच तपासावा लागतो. मला तो तपासायला चाळीस वर्षे लागली, त्यातली बरीचशी कपाट बंद ठेवण्यात गेली. अज्ञानाने भाजणे आणि संकोचाने न विचारणे यांची जबाबदारी मात्र हसणाऱ्यांवरही येते.

पॅरिसमधला केशरचनाकार मार्सेल ग्रातो याने १८७० च्या दशकात तापलेल्या चिमट्याने केसांना लाटांसारखी वळणे देण्याची रीत काढली. चिमटा ज्योतीवर तापत असे, आकडा दाखवणारे काही नव्हते. त्या काळी चिमटा आधी कागदावर टेकवून पाहण्याची पद्धत होती. कागद करपला तर थांबायचे. जोच्या हातातही कागद होता, फक्त तो केसांभोवती गुंडाळलेला होता.

यंदा त्या पहिल्या प्रसंगाला मी पूर्ण तास दिला. फळ्यावर नेहमीचे वाक्य लिहिले नाही. केस का जळले, एवढेच विचारले. इतकी उत्तरे आली की हजेरी घ्यायची राहून गेली. एका मुलाने, त्याच्या बहिणीचा अनुभव म्हणून, चुर्र आवाजाची गोष्ट सांगितली आणि वर्ग हसला नाही. तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे केस मुळात कुरळे आहेत ना? तुम्ही कितीवर ठेवता?"

"एकशे साठ," मी म्हणाले. "आणि पावसाळ्यात काहीच नाही."